‘नॉर्मल’ कुणी ठरवलं? पन्नास मिलिमीटरची लेन्स आणि माझं परत आलेलं प्रकरण

माझ्या प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणाचा पहिला मसुदा गाइड मॅडमनी परत दिला, तेव्हा आठव्या पानाच्या समासात पेन्सिलीने एकच प्रश्न लिहिला होता: ‘कॅमेरा कुठला?’

त्या पानावर मी फार खुशीत होतो. माझा विषय घरगुती फोटोंचा, काळ साधारण १९६० ते १९९०. मी सुरुवात केली होती साताऱ्याच्या मामांच्या अल्बमपासून, कारण तो हाताशी होता. बारसं, केळवण, गौरी-गणपती, पोरांचे वाढदिवस. घरात काढलेल्या फोटोंमध्ये एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. सगळे जमिनीवर बसलेले. खांद्याला खांदा, कोपराला कोपर. उभं माणूस जवळपास नाहीच, आणि असलं तर कमरेपर्यंत. मी त्यावर दोन पानं लिहिली: एकत्र कुटुंबातली जवळीक, देहाला लावलेली शिस्त, बैठकीची संस्कृती. दोन फ्रेंच विचारवंतही आणले होते. आणि मॅडम विचारतात, कॅमेरा कुठला!

कॅमेरा होता झेनिट-ई. रशियन, दगडासारखा जड, त्यावर ५८ मिलिमीटरची हेलिओस लेन्स. मामांकडे दुसरी लेन्स कधीच नव्हती. त्या काळात बहुतेकांकडे नसायची. कॅमेऱ्याबरोबर जी यायची ती ‘स्टँडर्ड’ किंवा ‘नॉर्मल’ लेन्स, म्हणजे एकाच फोकल लेंग्थची (शाळेत आपण ज्याला नाभीय अंतर म्हणायचो ते), साधारण ५० मिमीची. तिच्यात झूम नाही. जवळून हवं तर पुढे जा, जास्त हवं तर मागे सरका. आज अशा लेन्सला प्राइम म्हणतात आणि रोजच्या फोटोग्राफीसाठी पहिली कुठली घ्यावी असं विचारलं की दहातले आठ जण हीच सांगतात. कारणही ठरलेलं: ‘ती माणसाच्या डोळ्यासारखं बघते.’

मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून मी हेच वाक्य लिहून नेलं. म्हटलं, नॉर्मल लेन्स होती, म्हणजे डोळ्याला दिसतं तसंच आलं असणार, लेन्सचा विचार करायची गरज नाही. त्या म्हणाल्या, ‘हे कोण म्हणालं? कधीपासून?’

इथून पुढचे चार महिने यात गेले. प्रकरणाचं काम थांबलं, फेलोशिपचा अहवाल लांबला. पण संशोधनाची तयारी करणाऱ्यांना कदाचित प्रकरणापेक्षा हाच भाग जास्त कामाचा वाटेल, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी डोळ्याचं बघू. दोन्ही डोळ्यांनी मिळून आपल्याला आडवं जवळजवळ १८० अंश दिसतं. त्यातलं खरंखुरं स्पष्ट दिसतं ते मधले दोनेक अंश, म्हणजे हात लांब केल्यावर अंगठ्याच्या नखाएवढं. बाकीचं डोळा फिरवून, डोकं वळवून आपण जमवतो. ५० मिमीची लेन्स ३५ मिमी फिल्मवर आडवे सुमारे ४० अंश पकडते. १८०शीही जमत नाही, दोनशीही जमत नाही. मग ‘डोळ्यासारखं’ म्हणजे नेमकं काय सारखं?

दुसरं उत्तर जरा अभ्यासू लोक देतात: चित्रचौकटीच्या कर्णाएवढी फोकल लेंग्थ असली की ती लेन्स नॉर्मल. ३५ मिमी फिल्मची चौकट २४ × ३६ मिमी. पायथागोरस लावला की कर्ण ४३.३ मिमी. पन्नास नव्हे. ‘जवळपास आहे की’ असं मीही म्हणालो होतो. पण मग बाकीच्या कॅमेऱ्यांचे आकडे मांडून बघितले. ९ × १२ सेंटिमीटरच्या काचेच्या प्लेटवर काढणारे जे जुने घडीचे कॅमेरे होते, त्यांचा कर्ण १५ सेंमी, पण त्यांवर सर्रास १३.५ सेंमीची लेन्स असायची, म्हणजे कर्णापेक्षा आखूड. उलट सिनेमात चौकट १८ × २४ मिमी, कर्ण ३० मिमी, आणि मूकपटांच्या काळात कॅमेरामनची नेहमीची लेन्स ५० मिमी, म्हणजे कर्णाच्या दीडपटीहून जास्त. तिन्हींना आपापल्या जगात नॉर्मलच मानत होते. हा सरळ निसर्गनियम असता, तर आकडे इतके फाकले नसते.

(जाता जाता: ‘नॉर्मल’ हा शब्द ज्या लॅटिन ‘नॉर्मा’वरून आला, त्याचा मूळ अर्थ सुताराचा गुण्या. काटकोन तपासायचं हत्यार. कुणीतरी बनवलेलं.)

मग पन्नास आलं कुठून? इथे गोष्ट जर्मनीतल्या वेट्झलार गावात जाते. ऑस्कर बार्नाक हा तंत्रज्ञ येनाच्या झाइस कंपनीतून १९११मध्ये वेट्झलारच्या लाइट्झ कंपनीत आला. लाइट्झ मुख्यतः सूक्ष्मदर्शक बनवायची. बार्नाकला फोटोंचा नाद आणि दम्याचा त्रास. प्लेट कॅमेऱ्याचं धूड, तिपाई आणि काचांची पेटी घेऊन डोंगर चढणं त्याला झेपत नव्हतं. त्याने सिनेमाची भोकं पाडलेली ३५ मिमी फिल्म घेतली, ती उभी सरकायची ती आडवी सरकवली आणि सिनेमाच्या दोन चौकटी मिळून एक केली. १८ × २४ची दुप्पट, २४ × ३६. आज ज्याला आपण रुबाबात ‘फुल फ्रेम’ म्हणतो, ती म्हणजे सिनेमाच्या फिल्मचे शेजारी-शेजारी ठेवलेले दोन तुकडे.

१९१३-१४च्या सुमाराच्या त्याच्या नमुना-कॅमेऱ्यासाठी त्याने आधी झाइसची सिनेमाची टेसार लेन्स लावून पाहिली. ती छोट्या चौकटीसाठी बनलेली, त्यामुळे दुप्पट चौकट तिला नीट व्यापता येईना. मग त्याने आपल्याच कंपनीची मायक्रो-सुम्मार बसवली. तिची फोकल लेंग्थ किती? ४२ मिमी! कर्णाच्या अगदी जवळ. म्हणजे कर्णाचा नियम हेच कारण असतं, तर गाडी तिथेच थांबायला हवी होती. थांबली नाही. एवढ्याशा निगेटिव्हवरून मोठा फोटो काढायचा तर काठोकाठ धारदार चित्र हवं, आणि त्यासाठी मॅक्स बेरेक यांनी खास या चौकटीसाठी पाच काचांची लेन्स आखली, ५० मिमी, एफ/३.५. ती घेऊन लायका १९२५च्या वसंतात लाइपझिगच्या जत्रेत लोकांसमोर आली. लेन्स कॅमेऱ्याला पक्की जोडलेली, काढता येत नव्हती. लायकावर लेन्स बदलायची सोय १९३०मध्ये आली.

४२ सोडून ५० का? माझा तर्क असा: कोन जितका अरुंद, तितकी चौकटीची कोपरी सांभाळणं सोपं. काचेच्या अडचणीतून काढलेली ती तडजोड असावी, डोळ्याशी तुलना करून काढलेला आकडा नव्हे. प्रबंधातही मी हे ‘तर्क’ असंच लिहिलंय. मसुद्यात आधी ‘कंपन्यांनी पसरवलेली दंतकथा’ असं झणझणीत लिहिलं होतं. मॅडमनी खाली लिहिलं, ‘कंपनीची एक जाहिरात दाखव.’ दाखवता आली नाही. वाक्य गेलं.

पुढे सगळ्यांनी लायकाची चौकट उचलली, आणि चौकटीबरोबर पन्नासही आलं. पण आरशाचे कॅमेरे, म्हणजे एसएलआर, आले तेव्हा गंमत झाली. लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये आरसा वर-खाली व्हायला जागा लागते, म्हणून लेन्सची शेवटची काच मागे फार आत नेता येत नाही. मोठ्या अ‍ॅपर्चरची ५० मिमी लेन्स इतकी पुढे बसवणं तेव्हा अवघड होतं. उपाय काय, तर फोकल लेंग्थच थोडी वाढवा. झाइसची बायोटार ५८ मिमी. तिच्यावर बेतलेली रशियन हेलिओस ५८ मिमी, तीच मामांची. निकॉनच्या पहिल्या एसएलआरसाठीची एफ/१.४ लेन्सही ५८ मिमी. उलट ज्या कॅमेऱ्यांत आरसा नव्हता, ते कर्णाकडे झुकले: यशिका इलेक्ट्रो ३५वर ४५ मिमी, ऑलिम्पस ट्रिपवर ४० मिमी. एकाच काळात, एकाच फिल्मवर, ४०पासून ५८पर्यंत सगळं ‘नॉर्मल’. माणसाचे डोळे या काळात बदलले नव्हते, लेन्सच्या मागे आरसा आहे की नाही एवढंच बदलत होतं.

इथे मला वाटलं, जिंकलो. नॉर्मल लेन्स ही निव्वळ घडवलेली कल्पना आहे, संपला विषय. ‘सामाजिक रचना’ असं उपशीर्षकही टाकलं. अशा वेळी जरा थांबायला हवं. मी थांबलो नाही, आमच्या कोर्सवर्कच्या चर्चासत्रात तेच ठासून मांडलं. मागच्या बाकावरच्या मानसशास्त्राच्या एका मैत्रिणीने विचारलं, ‘ठीक आहे, पण मग पन्नासचे फोटो लोकांना खरंच जास्त नैसर्गिक वाटतात का, हे कुणी तपासलंय का?’ मी तपासलं नव्हतं. दुसऱ्यांनी तपासलं होतं.

एमिली कूपर, एलिस पियाझा आणि मार्टिन बँक्स यांचा २०१२चा ‘जर्नल ऑफ व्हिजन’मधला लेख आहे. त्याच्या मुळाशी एक जुनी भूमिती आहे. फोटोतली खोली अगदी बरोबर दिसायला हवी असेल, तर तो एका ठरावीक अंतरावरून बघायला हवा: फोकल लेंग्थ गुणिले फोटो किती पट मोठा केलाय तो आकडा. ५० मिमीने काढलेला फोटो ८ × १२ इंचांचा केला, म्हणजे साडेआठपट झाला, की ते अंतर सुमारे ४२ सेंटिमीटर. टेबलावर ठेवलेला फोटो आपण साधारण इतक्यावरूनच बघतो. पण मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याचा फोटो घ्या. त्याची लेन्स ३५ मिमीच्या हिशेबात २६ मिमीच्या आसपास असते. त्याचा ४ × ६चा प्रिंट ‘बरोबर’ बघायचा, तर ११ सेंटिमीटरवरून. नाकाला लागेल. तसं कुणी बघत नाही. या संशोधकांना आढळलं की लोक बघण्याचं अंतर फोटोच्या आकारावरून ठरवतात. वाइड लेन्सचे फोटो गरजेपेक्षा लांबून बघतात, टेलीचे गरजेपेक्षा जवळून, आणि ही चूक त्यांची नजर आपोआप भरून काढत नाही. म्हणून एकात नाक फुगतं, दुसऱ्यात चेहरा चपटा वाटतो. पन्नासच्या आसपास मात्र आपलं नेहमीचं अंतर आणि भूमितीचं अंतर जुळण्याची शक्यता सगळ्यांत जास्त.

म्हणजे ‘डोळ्यासारखं’ या बोलण्यात तथ्य निघालं, फक्त ते डोळ्याच्या रचनेत नव्हतं. ते हातात फोटो धरून बसायच्या आपल्या सवयीत होतं. पन्नास हा आकडा काचेच्या सोयीसाठी ठरला असेल, पण टिकला तो केवळ फुकट मिळायचा म्हणून नव्हे. माझं ‘सामाजिक रचना’ हे उपशीर्षक गेलं. तीन आठवडे मी त्या उपशीर्षकावर रुसून होतो, हेही खरं.

टिकण्याची बाकीची कारणं पटकन सांगतो. बहुतेक पन्नास मिमी लेन्सचा नमुना ‘डबल गाउस’ या जातीचा. त्याचं मूळ झाइसच्या पॉल रुडॉल्फ यांच्या १८९६च्या प्लॅनारमध्ये. मधल्या अ‍ॅपर्चरच्या दोन्ही बाजूंना जवळपास सारख्या काचा, त्यामुळे एका बाजूचे बरेच दोष दुसरी बाजू खोडते. अडचण एवढीच की त्यात हवेला लागणारे काचेचे आठ पृष्ठभाग, आणि प्रत्येकावर चार-पाच टक्के प्रकाश परत फिरायचा. म्हणजे तिसरा हिस्सा वाया, शिवाय चित्र फिकट. १९३५मध्ये झाइसच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर पातळ थर चढवायची रीत काढली आणि हा जुना नमुना युद्धानंतर भराभर वापरात आला. मग प्रत्येक कॅमेऱ्याबरोबर एक याप्रमाणे लेन्सचे ढीग बनले आणि ती स्वस्त झाली. आजही बहुतेक कंपन्यांची सगळ्यांत स्वस्त प्राइम ५० मिमी एफ/१.८ हीच किंवा तिच्या आसपासची असते.

आणि ‘एकच लेन्स, तीही पन्नास’ हे व्रत? ते हेन्री कार्तिए-ब्रेसाँ यांच्या नावाने चालतं. त्यांनी आयुष्यातलं बहुतेक काम लायका आणि ५० मिमीवर केलं हे खरं. ३० जानेवारी १९४८ला ते दिल्लीत गांधीजींना भेटले होते. त्याच संध्याकाळी हत्या झाली आणि बिर्ला हाऊसच्या फाटकाशी ती बातमी सांगणाऱ्या नेहरूंचा धूसर फोटो त्यांचाच. पण त्यांनी कॅमेरा घेतला तेव्हा झूम नावाची वस्तू ३५ मिमीच्या जगात नव्हतीच. अशा कॅमेऱ्यासाठी पहिली झूम, फोइग्टलँडरची झूमार, १९५९मध्ये आली. सगळ्यांकडेच एक लेन्स असताना एका लेन्सचं व्रत कोण कशाला घेईल? कॅमेऱ्याबरोबर झूम मिळायला लागली, आणि मग पन्नास हा साधेपणा ठरला. ज्या काळात एखादी गोष्ट सोडून दुसरी घेण्याची सोयच नव्हती, त्या काळाला ‘निवड’ हा शब्द लावताना मी आता दहादा विचार करतो. मामांनी ५८ मिमी निवडली नव्हती. ती आली होती.

तर, मामांचं माजघर. दिवाळीत टेप घेऊन गेलो. लांबी ११ फूट. फोटो काढणारा पाठ भिंतीला टेकवून उभा, समोरचे लोक पलीकडच्या भिंतीपासून थोडे पुढे. कॅमेऱ्यापासून माणसांपर्यंत उरले ९ फूट. आता हिशेब सोपा आहे, समरूप त्रिकोण: अंतर गुणिले चौकट, भागिले फोकल लेंग्थ. ९ गुणिले ३६ भागिले ५८ म्हणजे रुंदी साधारण साडेपाच फूट. ९ गुणिले २४ भागिले ५८ म्हणजे उंची पावणेचार फुटांना किंचित कमी. पावणेचार फुटांत उभं मोठं माणूस मावत नाही. कॅमेरा उभा धरला तर एक माणूस जेमतेम मावतं, पण शेजारी कुणी नाही. आठ जणांचा फोटो हवा असेल तर आडवी चौकट, आणि आडव्या चौकटीत खाली बसणं आणि चिकटून बसणं, एवढंच शक्य होतं. त्यात झेनिट-ईच्या व्ह्यूफाइंडरमध्ये फिल्मवर येणाऱ्या चित्राचा सुमारे ६५ टक्केच भाग दिसतो. मामांना डोळ्यासमोर जेमतेम तीन फूट उंचीचीच खिडकी दिसत असणार.

मामींना विचारलं. त्या म्हणाल्या, ‘अरे, ते ओरडायचे ना, खाली बसा, नाहीतर डोकी कापली जातील!’

माझी कुटुंबातली जवळीक, देहाची शिस्त आणि दोन फ्रेंच विचारवंत असे अकरा फुटांत आटोपले. (माझंही बघा. मी ज्या डिजिटल कॅमेऱ्याने ते माजघर नोंदवायला गेलो, त्याचा सेन्सर छोटा, त्यामुळे माझी हौसेने घेतलेली ५० मिमी त्यावर ७५सारखी वागत होती. भिंतीला पाठ लावूनही पुरेसं काही येईना. शेवटी मोबाइलने काढलं.)

पण मॅडमना मी ‘सगळं लेन्समुळे’ असंही लिहून दिलं नाही. दोनदा तोंड पोळलं होतं. तपासायचा मार्ग अल्बममध्येच होता: मागच्या अंगणात काढलेले फोटो. तिथे २० फूट मागे जाता येतं. म्हणजे चौकट १२ फूट रुंद, ८ फूट उंच. सगळे आरामात उभे राहू शकतात. आणि तिथे पुरुष खरंच उभे आहेत, मागच्या रांगेत. पोरं मधे. बायका मात्र बऱ्याच फोटोंत खालीच, चटईवर. माजघरात त्यांना लेन्सने बसवलं असं म्हणता येतं. अंगणात तसं म्हणायला जागा नाही. माझ्या दाव्याचा जो भाग तगला तो एवढाच, आणि आता तो फक्त अंगणातल्या फोटोंवर उभा आहे. नोंदवहीत मी प्रत्येक फोटोसमोर तीन रकाने वाढवलेत: कॅमेरा, फोकल लेंग्थ, मागे सरकायला किती जागा होती. तिसरा रकाना भरायला घरोघरी टेप घेऊन जावं लागतं आणि लोक चहा पाजतात.

एक फोटो मात्र या हिशेबात बसेना. माजघरातलाच, साधारण १९७८चा असावा, कारण मामेभाऊ कडेवर आहे. मामी उभ्या, डोक्यापासून पावलांपर्यंत पूर्ण, डाव्या-उजव्या काठांना काहीतरी काळं, अस्पष्ट. खूप वेळ मला वाटलं की प्रिंटच खराब झालाय. मग तो घेऊन माजघरात उभा राहिलो तेव्हा उलगडलं: ते काळं म्हणजे दाराची चौकट. मामा खोलीच्या बाहेर, ओटीवर गेले होते आणि दारातून फोटो काढला होता. तेवढ्याने त्यांना पाचेक फूट जास्त मिळाले.

बाहेर जाऊन काढायचं त्यांना याच एका फोटोसाठी का सुचलं, हे विचारल्यावर मामी हसल्या. ‘त्यांना कुठलं सुचतंय. मीच पाठवलं बाहेर. नवी पैठणी होती, म्हटलं निऱ्यांपर्यंत सगळी आली पाहिजे, नाहीतर काढूच नका.’